सभ्य खुन्याचा सिनेमा: ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्नांचे दोन भाग केले आहेत. पहिला भाग सिनेमा न पाहिलेल्यांनीही बिनधास्त वाचावा. दुसऱ्या भागात शेवटासकट सगळं फोडलेलं आहे, तेव्हा तिथे जपून.

भाग पहिला: पाहण्याआधी

सिनेमा नेमका कशाबद्दल आहे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड. ड्यूक ऑफ चॅलफाँटच्या, म्हणजे डॅस्कॉइन, घराण्यातली एक मुलगी इटालियन ऑपेरा गायकाबरोबर पळून जाऊन लग्न करते आणि घराणं तिच्या नावाने आंघोळ करून मोकळं होतं. नवरा लवकर जातो. ती लंडनच्या क्लॅपम भागात भाडेकरू ठेवून मुलाला वाढवते आणि रोजच्या चहाबरोबर त्याला डॅस्कॉइन घराण्याची वंशावळ पाजते. ती मेल्यावर घराण्याच्या दफनघरात तिला जागा द्यायलाही ड्यूक नकार देतो. मुलगा लुई मॅझिनी तेव्हा कापडदुकानात नोकरी करत असतो. तो ठरवतो, की आपण आणि ड्यूकपद यांच्यामध्ये जेवढे डॅस्कॉइन आहेत तेवढे दूर करायचे. आरडाओरडा न करता, रीतीने.

हे सगळं आपल्याला लुईच सांगतो. फाशीच्या आदल्या रात्री तो कोठडीत बसून आत्मचरित्र लिहितो आहे, तिथूनच सिनेमा सुरू होतो. म्हणजे तो पकडला गेला हे पहिल्या पाच मिनिटांतच कळतं. कोणत्या गुन्ह्यासाठी पकडला गेला, हे मात्र दिग्दर्शक बराच वेळ मुठीत ठेवतो.

दिग्दर्शक रॉबर्ट हेमर, पटकथा हेमर आणि जॉन डायटन यांची, निर्मिती मायकेल बाल्कन यांच्या ईलिंग स्टुडिओची. कृष्णधवल, १०६ मिनिटं, जून १९४९ मध्ये प्रदर्शित.

क्लासिक म्हणतात, पण अर्धा तास पाहिला तरी हसू आलं नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा एकच गोष्ट चुकते: आपण तो पाहतो आणि ऐकत नाही.

ब्लॅक कॉमेडी म्हटल्यावर प्रेक्षक रक्त, गोंधळ, धावपळ यांची वाट पाहत बसतो. इथे त्यातलं जवळजवळ काहीच नाही. पडद्यावर नेटकी बाग, नेटका चहा, नेटके कपडे. विनोद सगळा लुईच्या निवेदनात आहे, आणि ते निवेदन अत्यंत अदबशीर आहे. मराठीत याला फार चांगला शब्द आहे: शालजोडीतले. हा पावणेदोन तासांचा शालजोडीतल्यांचा सिनेमा आहे. प्रत्येक टोला शाल पांघरून येतो आणि बसला हे कळायला एक सेकंद जातो. तोवर पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

उदाहरण द्यायचं तर पहिल्याच खुनाचं. लुई एका डॅस्कॉइनची होडी सोडून देतो आणि ती बंधाऱ्यावरून खाली जाते. होडीत त्या माणसाची मैत्रीणही असते. तिच्याबद्दल लुई काय म्हणतो? तिचं वाईट वाटलं; पण त्या शनिवार-रविवारी तिच्यावर मृत्यूपेक्षा वाईट म्हणतात तो प्रसंग आधीच ओढवला असणार, या विचाराने जरा बरं वाटलं. व्हिक्टोरियन काळात स्त्रीच्या शीलभंगाला ‘मरणाहून वाईट गत’ म्हणत. लुईने तो सोवळा वाक्प्रचार उचलून थेट हिशोबाच्या वहीत मांडला आहे. हे वाक्य निसटलं तर समोर उरतं ते फक्त होडी बुडाल्याचं दृश्य, आणि त्यात खरोखरच हसण्यासारखं काही नाही.

उपाय साधे आहेत. फोन बाजूला ठेवा. इंग्रजी उपशीर्षकं लावा, इंग्रजी उत्तम येत असलं तरीही. पहिली वीस मिनिटं आईच्या आणि बालपणाच्या कथेत जातात, ती पळवू नका. पुढचे निम्मे टोले तिथे पेरलेले आहेत. आणि रात्री जेवणानंतर डोळ्यांवर झापड असताना हा लावू नये. हा सकाळच्या डोक्याचा सिनेमा आहे.

कोणती प्रत पाहावी? माझ्या डीव्हीडीवर १०२ मिनिटं लिहिलंय, म्हणजे काटछाट झाली आहे का?

बहुधा नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. युरोपीय ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी चालवतात, म्हणून तो सुमारे चार टक्के लवकर संपतो. १०६ भागिले २५ गुणिले २४ केलं की १०२ येतात. त्या प्रतीत एकही प्रसंग कमी नसतो, फक्त आवाज किंचित चढा लागतो.

खरी काटछाट झाली ती अमेरिकन आवृत्तीत. सुमारे सहा मिनिटं गेली आणि शेवट बदलला. ती साधारण १०० मिनिटांची, त्यामुळे नुसत्या वेळेवरून ‘पाल’ प्रत आणि अमेरिकन प्रत यांची गल्लत होते. खात्रीची परीक्षा शेवटच्या मिनिटात आहे, पण ती दुसऱ्या भागात सांगितली आहे. तूर्त एवढंच करा: ब्रिटिश आवृत्ती मागा, आणि शक्य असेल तर २०१९ साली, सत्तर वर्षं झाल्याच्या निमित्ताने, ४के मध्ये दुरुस्त केलेली प्रत पाहा. जुन्या प्रतींत काळ्या कपड्यांचे थर एकमेकांत मिसळून जातात. या सिनेमात अर्धा वेळ कोणी ना कोणी सुतकात असतं, तेव्हा हे नुकसान छोटं नाही.

टीव्हीवर माणसं बुटकी आणि रुंद दिसतात.

चित्राची चौकट १.३७ : १ आहे, जवळपास चौकोनी. टीव्ही ती १६ : ९ मध्ये ताणतो. रिमोटवरच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मूळ’ किंवा ‘४ : ३’ निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या म्हणजे बरोबर झालं. ‘झूम’ करून पट्ट्या घालवू नका, डोकी कापली जातात. टोप्या तर नक्कीच, आणि बायकांच्या टोप्या हा या सिनेमातला स्वतंत्र मनोरंजनाचा भाग आहे.

आवाज मोनो आहे. होम थिएटरची कृत्रिम ‘सराउंड’ सोय बंद ठेवा, नाहीतर लुईचं निवेदन खोलीच्या चार कोपऱ्यांतून घुमल्यासारखं येतं. आपोआप तयार होणाऱ्या उपशीर्षकांवर विसंबू नका, विशेषनामांचा ती चुराडा करतात.

नावाचा अर्थ काय?

टेनिसनच्या ‘लेडी क्लॅरा व्हीअर द व्हीअर’ या कवितेत आहे, की दयाळू मनं ही कॉरोनेटांहून मोठी आणि साधी श्रद्धा नॉर्मन रक्ताहून मोठी. कॉरोनेट म्हणजे सरदार-उमरावांचा छोटा मुकुट. ड्यूकच्या मुकुटावर स्ट्रॉबेरीची आठ पानं असतात. कवितेत हे खानदानी माजाविरुद्ध सांगितलेलं सुभाषित आहे. सिनेमात दयाळू मनाच्या माणसाचं काय होतं आणि कॉरोनेट कोणाच्या डोक्यावर जातं ते पाहा, मग नावातला खवचटपणा कळेल.

नायकाचं आडनाव मॅझिनी. आपल्याकडे सावरकरांनी ज्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं त्याच्याशी संबंध?

नाही. कानाला ओळखीचं लागतं, इतकंच.

आईकडून ड्यूकपद कसं मिळेल?

रास्त शंका. ब्रिटिश पदव्या सहसा पुरुष वारसाकडेच जातात. पटकथेने ही अडचण एका वाक्यात सोडवली आहे: ही ड्यूकगिरी दुसऱ्या चार्ल्स राजाने बहाल केली ती पहिल्या डचेसने राजाची जी ‘सेवा’ केली तिच्याबद्दल, म्हणून ती स्त्रीच्या वंशातूनही पुढे जाऊ शकते. दुसऱ्या चार्ल्सचा लौकिक ठाऊक असला की ‘सेवा’ शब्दावर थांबायला होतं. ज्या घराण्याने आईला शुद्ध रक्ताच्या नावाखाली बाहेर काढलं, त्याची सगळी इभ्रत मुळात कशावर उभी आहे ते या वाक्यात आहे. निवेदक मात्र त्यावर एक शब्दही खर्च करत नाही.

अलेक गिनेसच्या भूमिका आठ की नऊ?

मोजणी कशी करता त्यावर आहे. लुईच्या वाटेतले आठ: तरुण ॲस्कॉइन, तरुण हेन्री, पाद्री, लेडी अगाथा, जनरल, ॲडमिरल, बँकर आणि आठवा ड्यूक एथलरेड. पूर्वकथेत क्षणभर दिसणारा सातवा ड्यूकही तोच, तो धरला तर नऊ. गिनेसला सुरुवातीला चारच भूमिका देऊ केल्या होत्या. चारच का, आठ का नाहीत, असं त्यानेच विचारलं. त्या वेळी त्याचं वय चौतीसच्या आसपास होतं.

एकाच नटाच्या अनेक भूमिका मराठी प्रेक्षकाला नव्या नाहीत. ‘तो मी नव्हेच’मध्ये फिरत्या रंगमंचावर पाच रूपांत आलेले प्रभाकर पणशीकर पाहिलेल्यांना तर मुळीच नाहीत. पण दोन्हींचं गणित उलट आहे. तिथे गुन्हेगार एक आणि त्याची रूपं अनेक. इथे गुन्हेगाराचा चेहरा एकच राहतो आणि बळी पडणाऱ्यांचा चेहरा पुन्हा पुन्हा तोच येतो. त्याने काय साधतं ते पुढे येईल.

पाहताना गिनेसच्या दाढी-मिशांकडे पाहू नका, चालीकडे आणि जबड्याकडे पाहा. पाद्री शब्द चघळत बोलतो, बँकर ते मोजून बाहेर काढतो. सगळ्यात अवघड भूमिका हेन्रीची आहे, कारण तो जवळजवळ नुसता गिनेस आहे: सौम्य, लाजरा, आवडून जाणारा.

चर्चमध्ये सहा डॅस्कॉइन एकाच चौकटीत दिसतात. संगणक नसताना हे कसं केलं?

फिल्म न बदलता, तीच पुन्हा पुन्हा वापरून. छायाचित्रकार डग्लस स्लोकोम यांनी कॅमेरा एका भक्कम ओट्यावर पक्का केला. भिंगासमोर काळा आडोसा असा लावला, की चौकटीचा फक्त एक तुकडा उघडा राहील. गिनेस एका वेषात येऊन त्या तुकड्यात बसला, चित्रण झालं. मग अंधारात फिल्म मागे फिरवून बरोबर सुरुवातीच्या चौकटीवर आणली, पहिला तुकडा झाकला, दुसरा उघडला. गिनेस रंगभूषा पुसून दुसऱ्या वेषात. सहा पात्रं, तेव्हा हे सहा वेळा. एवढ्या काही सेकंदांच्या दृश्याला दोन दिवस लागले.

यात काय काय बिघडू शकतं? कॅमेरा केसभर हलला तर दोन तुकड्यांमध्ये शिवण दिसते. आडोशाची कड थोडी पुढे-मागे झाली तर एकतर काळी रेघ येते किंवा दोन चित्रणं एकमेकांवर चढून उजळ पट्टा येतो. दिव्यांची तीव्रता बदलली तर शेजारचा माणूस वेगळ्या दिवशी बसल्यासारखा वाटतो. कोणी हात पसरून शेजारच्याच्या तुकड्यात नेला तर तो हात मधेच कापला जातो. आणि यातलं काहीही फिल्म धुऊन येईपर्यंत कळत नाही. पाचव्या खेपेला चूक झाली तर आधीच्या चारही गेल्या. म्हणून मधल्या रात्री स्लोकोम कॅमेऱ्यापाशीच झोपले, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. हेच स्लोकोम पुढे इंडियाना जोन्सच्या पहिल्या तीन सिनेमांचे छायाचित्रकार.

दृश्य आलं की प्रत्येक डॅस्कॉइनच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाहा. तिथून शिवण जाते. दुरुस्त केलेल्या प्रतीतही ती सापडत नाही.

सगळे गिनेसबद्दल बोलतात. मग डेनिस प्राइस?

त्याच्यावर अन्याय झाला आहे, दुसरं काय म्हणायचं. सिनेमाचा भार त्याच्यावर आहे. लुईही तोच आणि लुईचा गायक बापही तोच. मोत्झार्टच्या ‘डॉन जोव्हानी’तली जी सुरावट तुम्हाला अधूनमधून ऐकू येते ती बापाची. प्राइस आवाज कुठेही चढवत नाही, भुवईसुद्धा क्वचित. गिनेसच्या आठही सोंगांना टेकायला जी सरळ भिंत लागते, ती प्राइस आहे.

भाग दुसरा: पाहून झाल्यावर

लुईने एकूण किती खून केले?

सहा. बऱ्याच ठिकाणी आठ छापलेलं आढळतं, ते चूक. ॲस्कॉइनची होडी बंधाऱ्यावरून, हेन्रीचा अंधारखोलीत स्फोट, पाद्र्याच्या पोर्ट वाइनमध्ये विष, फुग्यातून पत्रकं टाकणाऱ्या लेडी अगाथाच्या फुग्याला बाण, जनरलच्या कॅव्हियारच्या भांड्यात बॉम्ब, एथलरेडला बंदुकीची गोळी. ॲडमिरल स्वतःच्या हट्टाने जहाजाबरोबर बुडतो, आणि म्हातारा बँकर आपण ड्यूक झालो या बातमीच्या धक्क्याने जातो. होडीतली मुलगी धरली तर सात होतात; लुई तिला धरत नाही, त्यावरूनच त्याची ओळख पटते.

ड्यूकची जुळी बाळंही मधे आली होती. त्यांचा बंदोबस्त घटसर्पाच्या साथीने केला.

सगळ्यात चांगला रचलेला प्रसंग कोणता?

मतं वेगळी पडतील, पण आमचं मत हेन्रीच्या अंधारखोलीला.

पायऱ्या पाहा. हेन्रीला फोटोग्राफीचा नाद, म्हणून लुईही कॅमेरा घेऊन त्याच्या वाटेत येतो. हेन्रीची बायको ईडिथ कट्टर दारूविरोधी, म्हणून हेन्रीने बाटल्या अंधारखोलीत दडवलेल्या. अंधारखोलीतल्या दिव्यात रॉकेल असतं; लुई त्यात पेट्रोल भरतो. रॉकेल वातीवर शांतपणे जळतं. पेट्रोलची वाफ थंडीतही उठते आणि बंद खोलीत काडी ओढली की भडका. हेन्री तिथे जाणार हे नक्की, कारण बायको चहा देते आणि त्याला दुसरं काही हवं असतं. म्हणजे त्याला मारतो तो स्वतःचा चोरटा घोट आणि बायकोची नीतिमत्ता. लुईने फक्त दिवा भरला.

आता चित्रण. लुई आणि ईडिथ बागेत चहा पीत बसले आहेत. कॅमेरा जागचा हलत नाही. भिंतीपलीकडे धप्प असा आवाज, आणि धुराचा लोट हळूहळू वर चढतो. ईडिथ नवऱ्याच्या भवितव्याबद्दल बोलते आहे. लुईला धूर दिसतो. निवेदनात तो म्हणतो, की हेन्रीला आता कसल्याच कामाला वेळ उरलेला नाही हे तिला सांगणं प्रशस्त दिसलं नसतं, म्हणून मी त्याच्या भवितव्याची चर्चा चालू ठेवली.

पुढची जागा शिष्टाचार, मागची जागा धूर, आणि दोन्ही एकाच चौकटीत. स्फोट जवळून दाखवला असता तर तो नुसता स्फोट झाला असता. आणि हेन्री आपल्याला आवडलेला असतो, हे विसरू नका. हसता हसता घशात काहीतरी अडकतं ते इथेच पहिल्यांदा.

एथलरेडच्या खुनाच्या वेळी विनोद एकदम थांबतो. हे मुद्दाम?

हो. ड्यूक चोरट्या शिकाऱ्यांसाठी लावलेल्या सापळ्यात स्वतः अडकतो. लुई प्रथमच बळीसमोर उभा राहून सांगतो, की मी तुला का मारतो आहे. आईचं नाव घेतो. शाल गळून पडते आणि खालचा माणूस दिसतो. तो तितकासा सभ्य नाही.

ॲडमिरलचं जहाज बुडतं तो प्रसंग कपोलकल्पित आहे?

त्याच्यामागे खरी घटना आहे. २२ जून १८९३ रोजी (आजच्या लेबनॉनमधल्या) त्रिपोलीच्या किनाऱ्याजवळ कवायत चालू असताना व्हाइस ॲडमिरल ट्रायन यांच्या हुकमामुळे ‘कॅम्परडाउन’ हे जहाज त्यांच्याच ‘व्हिक्टोरिया’वर आदळलं. ट्रायनसह ३५८ माणसं गेली. चूक समोर दिसत होती, पण हुकूम मोडायचा कसा, या पेचात अधिकारी राहिले. सिनेमात सलाम ठोकून पाण्याखाली जाणारा ॲडमिरल पाहताना ब्रिटिश प्रेक्षकाला हे आठवायचं.

ड्यूकवर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये खटला, रेशमी दोराने फाशी: हे खरं होतं का?

पहिलं खरं. उमरावावर गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर खटला उमरावांपुढेच चाले. असा शेवटचा खटला १९३५ साली झाला आणि १९४८ च्या कायद्याने हा हक्क रद्द झाला. म्हणजे सिनेमा पडद्यावर आला तेव्हा ही प्रथा मरून जेमतेम वर्ष झालं होतं.

रेशमी दोर ही आख्यायिका. १७६० साली फाशी गेलेल्या अर्ल फेरर्सच्या नावाशी ती जोडली जाते. सिनेमातला फाशी देणारा एलियट (माइल्स मॅलेसन) या दोराने हरखून गेला आहे: एकदा रेशीम वापरलं की पुन्हा तागाच्या दोरावर मन बसणार नाही, तेव्हा आता निवृत्तीच. ड्यूकला फाशी देताना हाक काय मारायची याचीही त्याला चिंता. माणूस मारायला काही हरकत नाही, संबोधन चुकता कामा नये. सिनेमाचा विषय या एका पात्रात मावतो.

शेवट नेमका काय झाला? आणि अमेरिकन शेवट?

लुईला शिक्षा होते ती त्याने न केलेल्या खुनासाठी. लुईची बालमैत्रीण सिबेला हिचा नवरा लायनेल याने आत्महत्या केलेली असते. सिबेलाजवळ त्याची चिठ्ठी आहे आणि ती सौदा करते: ईडिथची (ती आता लुईची बायको आहे) वाट लावायचं कबूल कर, चिठ्ठी सापडेल. चिठ्ठी ‘सापडते’, लुई सुटतो. तुरुंगाबाहेर दोन गाड्या उभ्या, एकीत ईडिथ, दुसरीत सिबेला. तेवढ्यात ‘टिट-बिट्स’ साप्ताहिकाचा माणूस विचारतो, आत्मचरित्राचे हक्क द्याल का? आणि लुईला आठवतं, की कबुलीजबाबाचा तो गठ्ठा कोठडीतल्या टेबलावर राहिला आहे.

ब्रिटिश आवृत्ती त्या टेबलावरच्या कागदांवर संपते. कोणी उघडले का, हे तुम्ही ठरवा. अमेरिकन आवृत्तीत जेमतेम दहा सेकंदांचा तुकडा जोडला आहे: कागद तुरुंगाधिकाऱ्यांच्या हाती पडतात. तिथल्या सेन्सॉर संहितेनुसार गुन्हेगाराला शिक्षा झालेली दिसलीच पाहिजे, म्हणून. तुमच्या प्रतीत कोणाचा हात त्या कागदांना लागला असेल तर तुम्ही अमेरिकन आवृत्ती पाहिली आहे, आणि लुई-सिबेला संबंधांतले बरेच बारकावेही गमावले आहेत.

सिबेला खलनायिका आहे का?

ती लुईची जोड आहे. जोन ग्रीनवुडचा तो घोगरा, मांजरीसारखा आवाज ऐका. लुईला फसवू शकणारी, त्याला ओळखून असलेली ती एकटीच. ईडिथशी लग्न करून लुई प्रतिष्ठा मिळवतो, पण बोलायला त्याला सिबेलाच लागते.

हे खुनाचं उदात्तीकरण नाही का?

इथे एकाच नटाच्या आठ भूमिकांचा हिशोब लागतो. माणूस मरतो आणि पुढच्या प्रसंगात तोच चेहरा वेगळ्या मिशीत परत येतो. त्यामुळे दुःख साचत नाही. माणसं मरत नाहीत, एक वर्ग मरत राहतो. आपण लुईच्या बाजूने होतो ते या युक्तीमुळे. मग हेन्री, होडीतली मुलगी, एथलरेड या तीन जागी सिनेमा युक्ती थोडी सैल सोडतो आणि आपण कोणाच्या बाजूला बसलो आहोत ते दाखवतो.

खरी आक्षेपार्ह गोष्ट वेगळी आहे. ब्रिटिश आवृत्तीत मुलांच्या एका जुन्या मोजणीगाण्यात कृष्णवर्णीयांबद्दलचा अपमानकारक शब्द येतो. अमेरिकन आवृत्तीत तिथे ‘खलाशी’ घातला. गटाने पाहणार असाल तर आधी सांगून ठेवा.

मूळ कादंबरी वाचावी का?

रॉय हॉर्निमनची ‘इस्रायल रँक’, १९०७ ची. तिथला नायक अर्धा ज्यू आहे. महायुद्ध संपून चार वर्षं झालेली असताना ज्यू खुनी पडद्यावर आणणं शक्यही नव्हतं आणि बरंही नव्हतं. म्हणून तो अर्धा इटालियन झाला. कादंबरीचा सूर अधिक आजारी, विनोद कमी. कुतूहल असेल तर वाचा, सिनेमाची तहान तिने भागणार नाही.

मराठी उपशीर्षकं करायची आहेत. अडचण कुठे येते?

वाक्याच्या शेवटी. इंग्रजीत लुईचा टोला शेवटच्या दोन-तीन शब्दांत असतो. मराठीत शेवटी क्रियापद येऊन बसतं आणि टोला मधेच विझतो. घटसर्पाचंच वाक्य घ्या. ‘सुदैवाने घटसर्पाच्या साथीने परिस्थिती पूर्ववत केली आणि डचेसच्या रूपाने मला अधिक लाभही मिळवून दिला’ हे अचूक आहे आणि मेलेलं आहे. त्याऐवजी: ‘सुदैवाने घटसर्पाची साथ आली आणि सारे पूर्ववत झाले. वर्ताळा म्हणून डचेसबाईही.’ क्रियापद गाळलं, शेवटचा शब्द मोकळा सोडला, टोला बसला.

बाकी नियम नेहमीचे: एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आत अक्षरं. निवेदन दाट आहे, तेव्हा विशेषणं गाळा, अदब गाळू नका. लुईला लेखी प्रमाण मराठी द्या, ‘झाले’, ‘केले’वालं, सिबेलाला बोली. फाशीवाल्याच्या तोंडी ‘सरकार’ शोभतं, ‘महाराज’ घातलं की ऐतिहासिक नाटक होतं. आणि फिल्म सोसायटीत दाखवणार असाल तर हक्कधारकाची परवानगी आधी काढा. घरच्या डीव्हीडीचा हक्क घरापुरताच असतो.

यानंतर काय पाहावं?

‘द लेडीकिलर्स’ (१९५५): ईलिंगचाच, रंगीत, गिनेस पुन्हा. पाच चोर वादक असल्याचं सोंग करून एका म्हातारीच्या घरी खोली घेतात. हसू लवकर येतं, तेव्हा घरच्यांना आधी तो दाखवून मग याच्याकडे वळायला हरकत नाही.

‘द ॲसॅसिनेशन ब्यूरो’ (१९६९): इथे सभ्य मारेकऱ्यांची रीतसर कंपनीच आहे, संचालक मंडळासकट. एक महिला पत्रकार (डायना रिग) कंपनीच्या अध्यक्षाकडे (ऑलिव्हर रीड) येऊन त्याच्याच खुनाची सुपारी देते, आणि तो ती तत्त्व म्हणून स्वीकारतो. पॅरिस, झुरिक, व्हिएन्ना, व्हेनिस अशी वरात निघते आणि शेवटी झेपेलिनही येतं. देखावा भरपूर, धार कमी. बेसिल डिअर्डन दिग्दर्शक, लेखक-निर्माता मायकेल रेल्फ. हाच रेल्फ वीस वर्षांपूर्वी ‘काइंड हार्ट्स’चा सहनिर्माता होता, त्यामुळे दोन्ही लागोपाठ पाहिले की एकच कल्पना कुजबुजून सांगितली तर काय होतं आणि बँड लावून सांगितली तर काय होतं, याची तुलना करता येते.